दुर्गम भागातली म्हातारी माणसं आणि दवाखाना: घरापर्यंत नेमकं काय पोचायला हवं?

पायवाट (धागाकर्ती)

दुर्गम भागातल्या आरोग्यसेवेचा विषय निघाला की बोलणं दोन गोष्टींवर येऊन थांबतं: डॉक्टर नाहीत आणि रस्ता नाही. दोन्ही खरंच आहे. पण मी वस्त्यांवर घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना बघणारी परिचारिका आहे, आणि मला दिवसेंदिवस वाटायला लागलंय की उद्या रस्ता झाला, डॉक्टरही आला, तरी या माणसांचा निम्मा प्रश्न तसाच राहील. म्हणून हा धागा काढतेय.

तरुण माणसाचं आजारपण बहुतेकदा एका ठरावीक दिवशी सुरू होतं. ताप येतो, हाड मोडतं, तो दवाखान्यात जातो, औषध घेतो, बरा होतो. म्हाताऱ्या माणसाचं तसं नसतं. आधी नजर अधू होते, म्हणून अंधार पडल्यावर बाहेर जाणं थांबतं. ऐकू कमी येतं, म्हणून लोक त्यांच्याशी बोलणं कमी करतात. गुडघे धरतात, सारखं लघवीला उठायला नको म्हणून पाणी कमी प्यायलं जातं, त्यातून चक्कर, चक्कर येऊन पडणं, आणि पडलं की खाट. यातल्या नेमक्या कुठल्या दिवशी त्यांनी दवाखान्यात जायचं होतं? असा दिवस येतच नाही. ‘वय झालं’ म्हणून घरचे सोडून देतात आणि तेही सोडून देतात.

एका घरातल्या आजींबद्दल मला आधीच सांगितलं होतं, ‘त्यांचं डोकं चालत नाही आता, काहीतरीच उत्तरं देतात.’ मी मागे उभं राहून हळू आवाजात चार शब्द बोलले, त्यांना एकही कळला नाही. कानात टॉर्च मारला तर दोन्ही कान मळाने गच्च भरलेले, काळा दगड झालेला. मळ मऊ करायचे थेंब दिले, पुढच्या फेरीत कान साफ केले. आजींचं डोकं व्यवस्थित चालत होतं. विचारलेलं ऐकूच येत नव्हतं, म्हणून अंदाजाने उत्तर देत होत्या. हे करायला कुठला तज्ज्ञ लागला? पण त्यांच्या कानात कुणी डोकावलं नव्हतं, कारण त्या ‘आजारी’ नव्हत्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये नेमकं याच कामासाठी एक हातपुस्तक काढलं. त्यात आजारांची यादी नाही, सहा क्षमता आहेत: चालणं-फिरणं, खाणं-पोषण, नजर, ऐकणं, स्मरण आणि मन. प्रश्न इतके साधे की थोडं प्रशिक्षण दिलेली कुणीही व्यक्ती विचारू शकते. तीन शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने परत विचारायचे. हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला लावायचं, १४ सेकंदांत जमतं का बघायचं. गेल्या ३ महिन्यांत ३ किलोपेक्षा जास्त वजन आपोआप उतरलंय का, भूक मेलीय का. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटतंय का, कशात रस वाटेनासा झालाय का.

मला कळकळीने म्हणायचंय ते एवढंच: म्हाताऱ्या माणसाकडे घरी जाणारं माणूस हवं, ते दर वेळी तेच हवं, आणि त्याने परत परत जायला हवं. पहिल्या भेटीत जे दिसतं त्याला फारसा अर्थ नसतो. मागच्या वेळी दारापर्यंत सोडायला आलेली बाई या वेळी जागची उठली नाही, हे फक्त मागच्या वेळी गेलेल्यालाच कळतं.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी, घरी म्हातारं माणूस असणाऱ्यांनी आणि स्वतः त्या वयात असणाऱ्यांनी जरूर लिहा.

धुकं

पायवाट ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी डॉक्टर आहे, मोठं रुग्णालय दिवसभराच्या वाटेवर अशा ठिकाणी काम करतो.

ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात राहून काम करायचे. त्यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं की चांगल्या उपचारांची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच ते सर्वांत कमी मिळतात. त्यांनी नुसता लेख लिहिला नाही. गावातल्या लोकांचा रक्तदाब ते स्वतः शोधून शोधून मोजायचे, येईल त्याला तपासू म्हणून बसून राहिले नाहीत. तुमचा मुद्दा हाच आहे.

दुसरं, म्हातारपणी आजार वेष बदलून येतो. न्यूमोनिया होतो पण ताप नसतो. हृदयविकाराचा झटका येतो पण छातीत दुखत नाही, नुसता दम लागतो किंवा गळून गेल्यासारखं होतं. लघवीत जंतुसंसर्ग होतो आणि पहिलं लक्षण म्हणजे माणूस असंबद्ध बोलायला लागतो. घरचे सांगतात, ‘काल रात्रीपासून भलतंच बोलताहेत, माणसं ओळखत नाहीत.’ वर म्हणतात, वयोमानाने होतंय. कालपर्यंत नीट बोलणारं माणूस एका रात्रीत भ्रमिष्ट झालं तर ते वयोमान नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरशी बोलायला हवं. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) महिन्या-वर्षांत वाढतो, एका रात्रीत येत नाही.

तिसरं, रक्तदाब उभं करूनही मोजा. आधी पाच मिनिटं आडवं करून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला किंवा खालचा १० ने उतरला, तर पडण्याचं कारण बरेचदा तिथेच सापडतं. वेळ कमी म्हणून हे सहसा केलं जात नाही, आणि बसलेल्या माणसाचा आकडा बघून गोळी वाढवली जाते.

रेघ

वाचतेय. धागा वाचनखुणेत टाकला. कानांबद्दल वाचल्यावर माझ्या आत्याचे कान आधी बघून घ्यायला सांगितले आहेत.

कंदील

विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. मी दूरवैद्यकीय सल्ल्याच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून डॉक्टर गाठून देण्याच्या, यंत्रणा उभारण्याचं काम करतो.

>>घरी जाणारं माणूस हवं, ते दर वेळी तेच हवं<<

हे ऐकायला छान आहे, पण विखुरलेल्या वस्त्यांत दोन घरांत डोंगर असतो. एक परिचारिका दिवसात किती घरं करणार? शिबिर घेतलं तर एका दिवसात सगळं गाव तपासून होतं. आणि व्हिडिओवर तज्ज्ञ दिसतो, तो कुठल्याच घरभेटीत येणार नाही. ऑस्ट्रेलियाचंच बघा. जॉन फ्लिन यांनी १९२८ मध्ये क्लोनकरीतून उडत्या डॉक्टरांची सेवा सुरू केली. पाठोपाठ ट्रेगर यांनी पायाने पेडल मारून चालणारा रेडिओ बनवला, आणि शेकडो मैलांवरचं घर डॉक्टरशी बोलायला लागलं. तिथे अंतराचा प्रश्न यंत्राने सोडवला, माणसं वाढवून नाही.

पायवाट

कंदील, उदाहरण फार चांगलं दिलंत. त्याचा दुसरा भागही सांगते. त्या लांबच्या घरांमध्ये औषधांची एक पेटी ठेवलेली असते आणि पेटीतल्या प्रत्येक औषधावर क्रमांक असतो. डॉक्टर रेडिओवर औषधाचं लांबलचक नाव सांगत बसत नाहीत, अमुक क्रमांकाचं द्या म्हणतात. शरीराचं क्रमांक घातलेलं चित्रही असतं, म्हणजे कुठे दुखतंय तेही आकड्यात सांगता येतं. रेडिओ उपयोगी पडला, कारण या टोकाला पेटी होती आणि ती उघडून औषध देणारं, रोग्याच्या अंगाला हात लावून बघणारं माणूस होतं.

व्हिडिओला माझा विरोध मुळीच नाही. पण ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, पडद्यावरचा माणूस कोण हे उमगत नाही, अशा माणसासमोर नुसता फोन धरला तर काय होतं ते मी बघितलंय. डॉक्टर विचारतात, आजी मान हलवतात, सून उत्तर देते. पायाला सूज आहे का, हे बोट दाबून बघायचं असतं. वास, घरातला अंधार, उशाशी पडलेल्या जुन्या गोळ्या, यातलं काही कॅमेऱ्यात येत नाही. व्हिडिओ हवाच, पण आजींच्या शेजारी मी बसलेली असताना.

धुकं

याला जोडून लिहितो. तंत्रज्ञान कुणासाठी वापरायचं हा खरा प्रश्न आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठातले यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘इको’ प्रकल्प सुरू केला. हेपेटायटिस सीचे रुग्ण दूरदूरच्या गावांतून त्यांच्याकडे यायचे आणि भेटीसाठी महिनोन्महिने थांबायचे. त्यांनी रुग्णांना पडद्यावर आणलं नाही, गावातल्या साध्या डॉक्टर-परिचारिकांना आणलं. दर आठवड्याला सगळे एकत्र बसून आपापल्या रुग्णांबद्दल चर्चा करायचे. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले, गावांमध्ये ५८.२ टक्के.

माझ्यासारख्या एकट्या डॉक्टरला हेच हवंय. वृद्धांच्या आजारांचा तज्ज्ञ माझ्या रुग्णाला एकदा दहा मिनिटं बघेल, त्यापेक्षा मला दर आठवड्याला तासभर शिकवेल तर पुढची वीस वर्षं त्याचा उपयोग होईल.

शिबिरांबद्दलही बोलतो. जपानच्या साकू रुग्णालयातले डॉ. वाकात्सुकी गावोगाव जायचे आणि आजारांची माहिती द्यायला नाटकंही बसवायचे. १९५९ पासून त्यांनी याचिहो गावातल्या लोकांची दरवर्षी तपासणी सुरू केली. ते एका अर्थी शिबिरच होतं. पण प्रत्येकाची नोंदवही होती आणि पुढच्या वर्षी तीच वही उघडून तोच चमू समोर बसायचा. १९७६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एका दिवशी येऊन चष्मे वाटून जाणारं आणि पुन्हा तोंड न दाखवणारं शिबिर वेगळं. तिथे मोतीबिंदू सापडतो, चिठ्ठी हातात मिळते, आणि चिठ्ठी घेऊन जायला कुणी नसतं म्हणून ती फळीवर पडून राहते.

औषधवाला

मी फार्मासिस्ट. पायवाट ताईंनी उशाशी पडलेल्या जुन्या गोळ्या म्हटलं, तिथेच थांबलो.

घरी गेलात की एक काम नक्की करा. घरातली सगळी औषधं, उशाखालची, डब्यातली, शेजाऱ्याने दिलेली, सगळी एका चादरीवर मांडा. मी हे जिथे जिथे केलंय तिथे काही ना काही सापडलंय. रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी, एक या दवाखान्यातली, दुसरी त्या दवाखान्यातली, आणि आजोबा दोन्ही इमानाने घेताहेत. कडेला दुखण्याची गोळी, जी कुणीही न विचारता देतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी होण्याची गोळी आणि डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी ही तिन्ही एकत्र आली की म्हाताऱ्या मूत्रपिंडाला मोठा धोका. सर्दीच्या साध्या गोळीने झोप तर येतेच, पण लघवी अडू शकते आणि माणूस बरळायला लागू शकतं. झोपेच्या गोळीने पाय अडखळतात. साखरेसाठी ग्लिबेनक्लामाइड वर्षानुवर्षं चालू असतं, आणि जेवण निम्म्यावर आलेल्या माणसाची साखर त्याने पहाटे धोक्याइतकी उतरते.

अमेरिकेतले डॉ. मार्क बीअर्स यांनी म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी १९९१ मध्ये केली. ती अजूनही सुधारली जाते, २०२३ मध्येही नवी आवृत्ती आली. ही यादी प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असावी असं मला मनापासून वाटतं. लांबच्या भागात तिची गरज उलट जास्त आहे, कारण तिथे औषध एकदा चालू झालं की बंद करायला कुणी येत नाही.

एक कृपा करा, हे वाचून कुणाची गोळी स्वतःहून बंद करू नका. झोपेच्या गोळ्या, स्टेरॉइड, हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर जिवावर बेतू शकतं. चादरीवरच्या औषधांचा फोटो काढा आणि डॉक्टरांना पाठवा.

मधला_वाडा

औषधवाले दादा, एक विचारते. सासऱ्यांना इन्सुलिन चालू आहे. फ्रिज नाही, वीज कधीही जाते. उन्हाळ्यात काय करायचं?

औषधवाला

न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांतच हव्यात, त्या जवळच्या केंद्राच्या फ्रिजमध्ये ठेवता येतील का बघा आणि एका वेळी एकच घरी आणा. वापरात असलेल्या बाटलीचं तेवढं कडक नाही. केनियाच्या दादाब निर्वासित छावणीतलं खरं तापमान बघून ‘सीमापार डॉक्टर’ संघटनेने जिनिव्हा विद्यापीठाबरोबर तपासणी केली. २०२१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की २५ ते ३७ अंशांत वरखाली होणाऱ्या तापमानात चार आठवडे ठेवूनही इन्सुलिनची ताकद टिकली. म्हणून मातीच्या ओल्या भांड्यात दुसरं कोरडं भांडं, त्यात बाटली, आणि सगळं सावलीत, ही सोय चालते. बाटलीला पाणी लागू देऊ नका. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. आणि बर्फात मात्र कधीही ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

जुनंखोड

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. नातवाने हा धागा वाचून दाखवला, आता मी सांगतोय आणि तो टाइप करतोय.

तुम्ही सगळी भली माणसं आहात. पण मला एक सांगायचंय. आमच्याकडे तपासायला येतात ती पोरं चांगली असतात. येतात, हातातल्या फोनमध्ये बघतात, बीपी विचारतात, साखर विचारतात, भरतात आणि जातात. तुम्हाला काय करता यायला हवंय, असं आजवर एकानेही विचारलं नाही. मला शंभर वर्षं जगायचं नाही. मला उताराखाली माझा मित्र राहतो त्याच्या घरापर्यंत चालत जाता यायला हवं. तो वर येऊ शकत नाही, मी खाली गेलो तर परत चढता येईल का याची भीती वाटते. तिथं जाणं थांबलं तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. हे कुठल्या रकान्यात बसतं?

आणि भीती म्हणाल तर मरणाची नाही. पडेन, उठता येणार नाही, उचलून लांबच्या शहरात नेतील आणि तिथं अनोळखी माणसांत ठेवतील, याची आहे. म्हणून दुखलं तरी आम्ही सांगत नाही. माझ्या वयाची पुष्कळ माणसं सांगत नाहीत.

पायवाट

काका, तुम्ही लिहिलंत म्हणून फार आभार. शेवटची ओळ प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याने वाचायला हवी. ‘काही त्रास नाही ना?’ असं दारात उभं राहून विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर येतं, आणि ते असं या भीतीपोटी येतं.

तोल

काका, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि तुमचा प्रश्न माझ्या रकान्यात बसतो.

उतारावरून परत चढण्यासाठी मांड्यांची ताकद आणि तोल लागतो, आणि दोन्ही या वयातही वाढतात. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात यासाठीच घरी करायचा व्यायाम तयार झाला. पायांची ताकद, तोल आणि चालणं, एवढंच त्यात आहे. ऐंशीच्या पुढच्या बायकांवरही तो तपासला गेला, आणि सगळे अभ्यास मिळून पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. एका अभ्यासात तो शिकवायचं काम फिजिओथेरपिस्टने नाही, प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेने केलं. घरी काही भेटी आणि मधे फोन, अशी त्याची रीत आहे. लांबच्या वस्तीसाठी याहून सोयीचं काही मला माहीत नाही.

तुमच्यापुरतं सांगतो. छातीत दुखत नसेल, दम लागत नसेल, तर भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात न लावता उठा आणि सावकाश बसा, बसताना जास्त सावकाश. खुर्चीची पाठ धरून टाचा उचला. नातवाला शेजारी उभं करून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चाला. उताराचं अंतर एकदम गाठू नका, अर्ध्यावर बसायला जागा करून घ्या.

पडल्यावर उठायचंही शिकून घ्या, त्याने भीती कमी होते. घाईने उठायचं नाही. आधी दुखतंय कुठे ते बघायचं. ठीक असेल तर कुशीवर वळा, कोपरावर या, मग हात-गुडघ्यांवर. रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जा, हात तिच्यावर ठेवा, जास्त ताकदीचा पाय पुढे घेऊन रोवा आणि उठा. मांडीच्या सांध्यात जोरात दुखत असेल किंवा एक पाय आखूड दिसत असेल तर मात्र हलू नका, पांघरूण मागवा आणि मदत बोलवा.

घरच्यांसाठी: साध्या तापातही म्हाताऱ्या माणसाला खाटेवरच ठेवण्याची माया आवरा. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस खाटेवर ठेवून केलेल्या एका अभ्यासात पायांचे सुमारे १ किलो स्नायू झिजले. धडधाकटांचं हे, आजाऱ्याचं काय होत असेल बघा. निदान जेवायला तरी उठवून बसवा.

कंदील

सगळे प्रतिसाद शांतपणे वाचले. काकांच्या लिहिण्याने आत काहीतरी हललं. तरी माझा मूळ प्रश्न उभाच आहे. हे नियमित घरी जाणारं माणूस आणायचं कुठून? परिचारिका आधीच कमी. माता-बालकांच्या कामासाठी नेमलेल्या कार्यकर्तीवरच म्हाताऱ्यांचं काम चढवायचं, असंच सगळीकडे होतं. ती तरी किती ओढणार?

धुकं

कंदील, हा प्रश्न टाळता येत नाही, आणि काही देशांनी त्याचं उत्तर काढलंय.

ब्राझीलमध्ये १९९४ पासून कुटुंब आरोग्य कार्यक्रमात एका कार्यकर्त्याकडे जास्तीत जास्त साधारण ७५० माणसं असतात आणि महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जायचं असतं. माणूस त्याच भागातला आणि पगारी. इराणच्या खेड्यांत ‘बेहवर्ज’ नावाचे आरोग्य कार्यकर्ते असतात, त्यांना गावातूनच निवडतात, शिकवून परत त्याच गावात नेमतात. अलास्कात हवामान बिघडलं की विमानही उतरत नाही. तिथे १९६८ पासून गावातल्याच माणसांना आरोग्य साहाय्यक म्हणून तयार केलंय. त्यांच्यासाठी खास मार्गदर्शक पुस्तक असतं, आणि त्यात बघून, फोनवर डॉक्टरशी बोलून ते उपचार करतात.

तिन्हीकडे माणूस गावातलं आहे, ते पगारी आहे, आणि त्याच्या मागे फोनवर कुणीतरी ठामपणे उभं आहे. यातलं एक काढलं की बाकीचं ढासळतं. मानधनावर, फुकट फोनवर आणि ‘सेवाभावा’वर हे काम वर्षानुवर्षं रेटायचं हे मला अन्यायाचं वाटतं. म्हाताऱ्या माणसाला उचलून बसवणं, त्याचं अंग बघणं, हे कष्टाचं कसबी काम आहे, त्याला कामाचा मोबदला हवा.

मनाच्या दुखण्यासाठी तर माणसं म्हाताऱ्यांतूनच मिळतात. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये १४ आज्यांना शिकवून बाकावर बसवलं. येणाऱ्याशी त्या बोलतात, एकेक अडचण सोडवायला मदत करतात. २०१६ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, नैराश्य खरोखर कमी झालेलं दिसलं. सुरुवात हरारे शहरात झाली, पण बाकाला आणि आजीला शहरच लागतं असं नाही.

सावली

मी इथे क्वचित लिहिते. आईला अर्धांगवायू झाल्यापासून मीच बघते. घर शेवटच्या टोकाला.

रुग्णालयातून सोडताना ‘आता घरी न्या, सेवा करा’ एवढंच सांगितलं. सेवा म्हणजे काय ते कुणी शिकवलं नाही. कुशीवर कसं वळवायचं, माझी पाठ न मोडता कसं बसवायचं, घास गिळताना ठसका लागला तर काय, हे सगळं मी एकटीने शोधलं. माकडहाडावर लाल डाग दिसला तेव्हा वाटलं घामोळं असेल. पुढे एक परिचारिका आली, तिने बोटाने दाबून दाखवलं: दाबल्यावर लाली गेली नाही तर तो बेडसोरचा, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा. दोन-दोन तासांनी कूस बदल, टाचा उशीवर अधांतरी ठेव, त्वचा कोरडी ठेव. एवढं तिने अर्ध्या तासात शिकवलं. हाच अर्धा तास रुग्णालयातून निघताना मिळायला हवा होता.

तुम्ही सगळे रुग्णाबद्दल बोलताय, ते बरोबरच आहे. पण अशा घरात दोन माणसं असतात. माझी झोप, माझी पाठ, माझं बाहेर पडणं याबद्दल कुणी विचारत नाही. आठवड्यातून एक दुपार कुणी आईजवळ बसलं तर मी बाकीचे दिवस निभावून नेईन. मला औषध नको, ती दुपार हवी.

पायवाट

सावली, तुझं अगदी खरं आहे. मी ज्या घरी जाते तिथे आता सांभाळणाऱ्यालाही बसवून विचारते, तू जेवतेस कधी, झोपतेस किती, कुणावर चिडतेस का. चिडचिड वाढली की समजायचं, ही थकली आहे. तिलाच उपदेश केला की ती पुढच्या वेळी काही सांगत नाही.

त्या दुपारची सोय वस्तीतूनच करावी लागते. दोन-तीन जणांना खाऊ घालणं, कूस बदलणं आणि कधी फोन करायचा एवढं शिकवलं की घरचं माणूस निर्धास्त बाहेर पडू शकतं. तुझ्याकडे येणाऱ्या परिचारिकेला हे स्पष्ट शब्दांत माग. तिच्या वहीत ‘आई’ लिहिलेलं असेल, खाली तुझंही नाव लिहायला लाव.

कंदील

सावलीताई, तुमचा प्रतिसाद आमच्या चमूला वाचून दाखवणार आहे. आमच्या माहिती भरायच्या नमुन्यात सांभाळणाऱ्यासाठी एकही जागा नाही, ती करता येईल. काकांच्या ‘काय करता यायला हवंय’ या प्रश्नालाही पहिल्या पानावर जागा देता येईल. घरभेटींच्या खर्चाबद्दल माझी शंका अजून आहे, पण डॉक्टरसाहेबांनी दिलेली उदाहरणं नीट अभ्यासणार.

दीपमाळ

उशिरा लिहितेय. वडिलांना कॅन्सर आहे, पसरलेला. त्यांनीच ठरवलंय की आता शहरात जायचं नाही, घरीच राहायचं. आम्हालाही ते मान्य आहे. पण रात्रीच्या वेदना बघवत नाहीत. इथे जे मिळतं त्या गोळीने तासभर बरं वाटतं, पुन्हा तेच. घरी ठेवायचं म्हणजे दुखत ठेवायचं, एवढाच पर्याय असतो का?

धुकं

नाही. घरी ठेवूनही वेदना बहुतेक वेळा आटोक्यात आणता येतात.

तोंडाने घ्यायचं मॉर्फिन हे त्यासाठीचं मुख्य औषध. ते स्वस्त आणि जुनं आहे, अडचण असते ती परवान्याची आणि भीतीची. युगांडाने २००४ मध्ये खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांनाही मॉर्फिन लिहून द्यायची परवानगी दिली, कारण खेड्यांत डॉक्टर पोचत नव्हते. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक सेवेचं धोरण आणलं आणि परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या, सोबत वस्तीतले स्वयंसेवक. तुमच्या सर्वांत जवळच्या कॅन्सर किंवा वेदनाशामक विभागाला फोन करा आणि सरळ विचारा, तोंडाने घ्यायचं मॉर्फिन तुमच्याकडे आहे का आणि घरी न्यायला कोण आलं तर चालेल. रुग्णाला घेऊन जायची गरज बहुतेक ठिकाणी नसते, जुने कागद लागतात.

लोक घाबरवतील की सवय लागेल. कॅन्सरच्या वेदनेत डॉक्टरने ठरवलेल्या मात्रेत ही भीती बाळगायचं कारण नाही. मात्रा मात्र स्वतःहून कमीजास्त करू नका.

पायवाट

दीपमाळ, डॉक्टरांनी सांगितलंय त्यात घरचं काम जोडते. मॉर्फिन घड्याळ लावून द्यायचं असतं, ‘दुखेल तेव्हा’ नाही. दुखणं वर आल्यावर ते खाली आणायला जास्त औषध लागतं. मधेच दुखलं तर द्यायची वेगळी मात्रा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. सुरुवातीचे काही दिवस मळमळ आणि गुंगी असते, ती बहुतेकांची ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून शौचाला साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून चालू हवं. ते नाही दिलं तर चार दिवसांनी वडील स्वतःच मॉर्फिन नको म्हणतील.

एका वहीत दिलेल्या औषधाची वेळ, वेदना शून्य ते दहा यात किती, आणि शौचाला झालं की नाही, एवढ्या तीन गोष्टी लिहीत जा. फोनवर डॉक्टर हेच विचारतील. हाक मारून उठत नसतील किंवा श्वास फारच संथ वाटला तर पुढची मात्रा न देता आधी फोन करा. फोन कुणाला, कुठल्या नंबरवर करायचा, ते आजच वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, रात्रीचा नंबर वेगळा असेल तर तोही. उद्या त्या विभागाशी बोलणं झालं की काय म्हणाले ते इथे लिहा, पुढचं बघू.